ताहेराचाचींचे एक वाक्य

आज लातूरच्या बाजारात नव्या मिरचीचा उग्र, गोडसर दरवळ आला आणि मी कित्येक वर्षांपूर्वीच्या धर्माबादच्या मिरचीबाजारात जाऊन उभी राहिले. तिथे हाणामारीच्या एका खर्चिक विनोदी चित्रपटाचे चित्रीकरण चालले होते आणि संवादांची भाषा तपासायला मला नेमले होते.

नायकाची मोटार मिरच्यांच्या लालभडक राशीत घुसताच, तिथेच देठ खुडणाऱ्या ताहेराचाचींनी ओरडायचे होते. चित्रपटातले त्यांचे ते एकुलते वाक्य. तालमीत त्या आपल्या मनानेच कडाडल्या, “मुडद्या, गाडी चालवून राह्यला का मिरची कुटून राह्यला?”

सारे खदखदून हसले. माझ्या कानाला मात्र ते ओबडधोबड वाटले. आज वाटते, त्या वाक्याची लय कवितेच्या कुठल्याच छंदात सापडायची नाही. मी ते सुधारले, “गाडी चालवतोस की मिरची कुटतोस?”

“तुमी शिकलेल्या, बाई. तुमचंच बरोबर असंल,” चाची म्हणाल्या आणि माझे वाक्य म्हणताना दर वेळी अडखळत गेल्या. शेवटी दिग्दर्शकाने त्यांच्या जागी मुंबईच्या एका नटीला उभे केले. तिने तालमीत ऐकलेले चाचींचे पहिले वाक्यच जसेच्या तसे म्हटले. पुन्हा तोच हशा उसळला.

चाची माझ्या कानाशी वाकल्या. “आता बरोबर बोलली का वो ती?”

“हो,” मी म्हणाले. तुमच्यासारखी बोलली म्हणून, एवढे मात्र माझ्या तोंडून निघाले नाही.