माझ्या हातची भवानी

पर्वत पाटियाच्या बाजारात माझा हात वाईट आहे, असं गेली काही वर्षं मानलं जातं. स्वयंपाकाला वाईट नाही आणि अक्षराला तर नाहीच. सुरतेतल्या मराठी शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, फळ्यावरच्या माझ्या अक्षराकडे तपासणीला आलेले साहेबसुद्धा बघत राहायचे. वाईट आहे तो भवानीला. दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक म्हणून मी पैसे दिले, की त्या दुकानाचं त्या दिवशी काहीतरी बिनसतं.

एवढा लौकिक मिळवायला मला तीनच सकाळी पुरल्या. पहिल्या सकाळी मी दीड मीटर लेस घेतली आणि दुपारी त्या लेसवाल्याचा पंखा छतावरून खाली आला. लागलं कुणालाच नाही, पण पंखा नेमका गल्ल्यावर पडला आणि बाजाराने ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या सकाळी शहाळं घेतलं, तर तासाभरात शहाळेवाल्याच्या हातगाडीचं चाक निखळलं आणि शहाळी रस्ताभर घरंगळली. तिसऱ्या सकाळी नाश्त्याला लोचो आणला. लोचोवाल्याचं नक्की काय झालं ते विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही, पण दुकान तीन दिवस बंद होतं.

मग सुरू झालं ते, "बेन, थोडी वार पछी आवजो ने, हजी बोणी नथी थई." म्हणजे थोड्या वेळाने या, अजून भवानी झालेली नाही; भवानीला इथे बोणी म्हणतात. सुरती दुकानदार तोंडावर वाईट बोलत नाही. तो स्टूल देतो, चहा मागवतो, तब्येत विचारतो, आणि दुसरं कुणी येऊन काहीतरी विकत घेईपर्यंत तुम्हाला पाकीट उघडू देत नाही. मी कायमची दुसरं गिऱ्हाईक झाले. एकदा लेसवाल्याकडे माझ्या शेजारच्या स्टुलावर आणखी एक बाई होत्या. अर्धा तास गेला, चहा दोनदा झाला. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही घेऊन टाका ना काहीतरी, मला घाई आहे." त्या कसनुसं हसून म्हणाल्या, "मलापण बसवूनच ठेवलंय." त्यांच्या हातची भवानी घेतल्यावर एका साडीवाल्याचं शटर अडकलं होतं, आणि साडीवाला आत. आता दोघींपैकी पहिली कोण? लेसवाला घामाघूम झाला. अखेर त्याने सख्ख्या भावाला वरच्या मजल्यावरून खाली बोलावलं, त्याला आपल्याच दुकानातली सुयांची पुडी विकली, आणि आम्ही दोघी सुटलो.

मला त्याचं हसूच यायचं. घरी येऊन मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगायचे. तिथेच चुकलं. ऐकणारी माणसं दोनच होती, नवरा आणि मुलगी, आणि दोघांच्याही मनात ते जाऊन बसलं.

मुलीने बँकेतली नोकरी सोडली आणि ब्लाउज शिवायचं दुकान काढलं. पर्वत पाटियालाच पहिल्या मजल्यावर गाळा घेतला, दोन मशिनं घेतली, माणसाएवढा आरसा लावला. तिने इतक्या वर्षांत साठवलेलं सगळं त्यात गेलं, त्यामुळे घरात कुणी मोठ्याने शिंकलं तरी ती दचकायची. उद्घाटनाचं निमंत्रण इंग्रजीत पाठवायचं होतं. "आई, 'भवानीला या' हे इंग्रजीत कसं लिहायचं गं?" तिने विचारलं. आता इंग्रजीच्या बाईंनी "येत नाही" कसं म्हणायचं? निरोप समारंभात मिळालेला जाडजूड जुना शब्दकोश मी पलंगाखालून ओढून काढला आणि दोन दिवस त्यात डोकं घालून बसले.

दुसऱ्या दिवशी एक शब्द सापडला. स्कॉटलंडमधला, जुना. हँडसेल.

मूळचा तो आणखी उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा. हातात हात देऊन सौदा पक्का करायचा, ते हँडसेल. स्कॉटलंडात येऊन तो असा काही सुटला की विचारू नका. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी गडीमाणसांना आणि मुलांना जी भेट द्यायची, ते हँडसेल, आणि तो सोमवारसुद्धा हँडसेलचाच. नवा कोट शिवला की खिसा कधी रिकामा राहू नये म्हणून त्यात नाणं टाकायचं, तेही हँडसेल. नव्या घराला दिलेली भेट, एखादी वस्तू पहिल्यांदा वापरायला काढणं, शेतावरच्या माणसांना कामाला लागण्याआधी दिलेला पावाचा तुकडा, सगळं हँडसेल. आणि विकायला बसलेल्या बाईला सकाळी मिळालेले पहिले पैसे, तेही हँडसेल! काही बायका त्या पैशांवर शुभ म्हणून थुंकायच्या. आपल्याकडे भवानीची नोट डोळ्यांना लावतात, त्या थुंकायच्या, एवढाच काय तो फरक.

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाक टाकून बाहेरच्या खोलीत गेले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बँकेतून निवृत्त झालेला माणूस. "मी असलं काही मानत नाही," असं म्हणून तो सगळं मानतो.

"थुंकतात?" तो म्हणाला.

"अहो, ते सोडा. भवानी तिकडेही आहे!"

"पण पैशांवर थुंकतात?"

तो तिथून पुढे सरकलाच नाही. मुलीने शब्द बघितला आणि म्हणाली, "आई, साधं 'ओपनिंग' लिही ना." ओपनिंग लिहिलं. पण शब्द माझ्या डोक्यातून जाईना. खरं म्हणजे त्यात मी एक वेगळीच गोष्ट शोधत होते: देणाऱ्याचा हात बरावाईट असतो, असं तिकडचे लोक मानत नसतील, अशी मला आशा होती. पण तिकडेही हँडसेल शुभ आणि अशुभ असायचं. म्हणजे त्या थंडीतसुद्धा माझ्यासारखी एखादी बाई मासळीच्या टोपल्यांपाशी ताटकळत उभी असणार. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटलं, आणि मग एकदम स्वतःबद्दल वाटलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी जेवताना नवरा म्हणाला, "तू उद्या घरीच लापशी कर. निवांत अकरापर्यंत ये." दुकान दहाला उघडणार होतं. मी मुलीकडे बघितलं. ती ताटातल्या शेवभाजीत पोळीचा तुकडा नुसता फिरवत होती. "नाही, आई दहालाच येईल," एवढंच तिने म्हणायचं होतं. तिने तो तुकडा तसाच ठेवला आणि हात धुवायला उठली. पाटीवर पहिलं अक्षर तिचा हात माझ्या हातात धरून मी काढून घेतलं होतं, आणि आता तोच हात तिला भीतीचा वाटत होता. मला रडू आलं नाही, राग आला.

मी पहाटे उठून लापशी केली आणि साडेनऊला डबा घेऊन दुकानात हजर झाले. घरी पाठवायची छाती कुणाची झाली नाही. नवऱ्याने फक्त कोपऱ्यात एक स्टूल सरकवलं.

भवानीसाठी आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर राहणारे कापडदलाल ठरवले होते. त्यांचा हात म्हणे असा, की त्यांनी भवानी केलेल्या दुकानाची वर्षाच्या आत शाखा निघते. पण ते सकाळीच पलसाण्याच्या मिलमध्ये रंगाला दिलेला माल बघायला गेले आणि येताना हायवेवर ट्रकांच्या मागे अडकले. सव्वादहाला तीन बायका कापडं घेऊन जिना चढून आल्या. अगदी खऱ्या, पैसे देणाऱ्या. नवऱ्याने त्यांना स्वतःच्या खर्चाने उसाचा रस प्यायला खाली पाठवलं. त्यातली एक परत वर आली आणि म्हणाली, "दुकान उघडलंय ना?"

"उघडलंय," नवरा म्हणाला, "पण सुरू नाही."

दलालकाका सव्वाअकराला आले. नवा कुर्ता, कपाळावर कुंकू, आणि पाकीट पलसाण्यात. त्यांनी खिशातून फोन काढला, तसा नवरा आडवा आला. "फोनने नको. हाताने दिले पाहिजेत." मग त्याने स्वतःचं पाकीट चाचपलं, त्यातले सुटे रसात गेले होते. काका माझ्याकडे वळले. "भाभी, सो रुपिया छे?"

"अगं, दे ना यांना शंभराची नोट," नवरा म्हणाला. "नोट कुणाची का असेना, हात यांचा पाहिजे."

"म्हणजे माझी नोट चालते आणि हात चालत नाही?" मी म्हटलं. "नाही देणार."

माझा आवाज इतका चढेल असं मलाही वाटलं नव्हतं. मी उठले, पर्समधून नोट काढून मुठीत धरली आणि मुलीसमोर जाऊन उभी राहिले. "मला ब्लाउज शिवायचाय. माप घे."

मुलीने बाबांकडे बघितलं, दलालकाकांकडे बघितलं, दोन्ही मशिनांकडे बघितलं. मला वाटतं ती बराच वेळ बघत होती. तेवढ्यात मला पुरतं कळलं, की ती "नंतर गं, आई," म्हणाली तर मी हसेन आणि स्टुलावर जाऊन बसेन, आणि पुन्हा ही गोष्ट कुणाला रंगवून सांगणार नाही.

तिने गळ्यातली टेप काढली.

"हात वर कर," ती म्हणाली.

मी दोन्ही हात वर केले, मुठीतल्या नोटेसकट. तिने माझ्या पाठीमागून टेप फिरवली, पुढे आणली, आकडा बघितला, आणि टेप तशीच धरून ठेवली. तिचं डोकं माझ्या खांद्यापाशी होतं.

"आई, किती बारीक झालीस गं," ती हळूच म्हणाली.

"मी पहिल्यापासून अशीच आहे."

"नाही." तिने पुन्हा टेप फिरवली, मघाच्याच जागेवरून. "नाहीयेस." मग तिने वर हात करून माझी मूठ सोडवली, नोट घेतली, आणि बाबांकडे न बघता डोळ्यांना लावली.

"आता घे हात खाली," ती म्हणाली. ती अजून इतकी जवळ होती, की मी ते थोडा वेळ घेतलेच नाहीत.