पंचवीसच्या खाली नाहीतर चाळीसच्या वर

एंडेलने आयुष्यभर एकच नोकरी केली, बस चालवायची, आणि एकच खोड जपली, प्रश्न विचारायची. हीउमा बेटावर एम्मास्ते गाव ते बंदर अशी एकतीस वर्षं त्याने बस हाकली. त्या एकतीस वर्षांत बसमध्ये चढलेला एकही माणूस त्याच्या तावडीतून सुटला नाही. मासे खारवताना मीठ आधी की नंतर? तुझ्या मेंढ्या कुठल्या कुशीवर झोपतात? लोक वैतागायचे. पण दिवसातून फेऱ्या दोनच, त्यामुळे रुसून बस सोडायची कोणाची टाप नव्हती.

अशा माणसाने निवृत्तीआधीच दोन आसनांची, लाल, बुटकी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा कोणाला फारसं नवल वाटलं नाही. इंजिन पुढे आणि सगळा जोर मागच्या चाकांना. हा प्राणी चालतो कसा, हे बघायला त्याने ती घेतली, दुसरं काय! उन्हाळ्यात ती पाखरासारखी पळायची. पहिला बर्फ पडला की मात्र मागची चाकं जागच्या जागी गरगरायची आणि बाई शेपूट हलवत रस्ता सोडून खड्ड्यात. म्हणून ऑक्टोबरात ताडपत्रीखाली गेलेली गाडी मे महिन्यातच बाहेर यायची. गावाने तिचं नाव ठेवलं होतं, एंडेलची उन्हाळी चप्पल.

यंदा त्याने फेब्रुवारीतच ताडपत्री ओढली, आणि तिथेच हेल्यूच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, डोक्यात किडा शिरला.

"कुठे निघालास?"

"पलीकडे हाप्सालूला, लेकीकडे. लीसीला गाडी देऊन टाकतो. तिचं गॅरेज आहे, ती तरी वापरेल."

"आत्ता? एप्रिलमध्ये बोटीवर चढवून ने की!"

"समुद्र गोठून बर्फाचा रस्ता उघडलाय, हेल्यू. आठ वर्षांनी उघडलाय. मला बघायचंय, मागच्या चाकांची गाडी समुद्र ओलांडते की नाही."

हे खरंच होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं नोव्हेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली होती आणि परत येणार नव्हती. मार्चमध्ये परवाना नवा करायची वेळ येईल तेव्हा त्यावर कुठलाही डॉक्टर सही करणार नव्हता. एप्रिलच्या बोटीवर गाडी चढली असती, पण चालवणारा दुसराच कोणीतरी असता. एंडेलला ती स्वतःच्या हाताने पोचवायची होती, आणि का, ते कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मूर्खपणा होता का? होताच. पण एकतीस वर्षं ज्याने सबंध बेटाला इकडून तिकडे नेलं, त्याला 'आता तू मागे बस' हे ऐकून घेणं जड जातं हो.

तयारी मात्र त्याने झकास केली. खिळ्यांचे टायर चढवले. मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून डिकीत वाळूची पोती टाकतात सगळे. पण अंगणातली वाळू गोठून दगड झालेली. मग त्याने तळघरातून बटाट्यांची चार पोती काढली, तोलून, दोन डावीकडे दोन उजवीकडे, आणि त्यांना थंडी लागू नये म्हणून हेल्यूचं लोकरी पांघरूण गुंडाळलं.

"माझ्या आईचं पांघरूण बटाट्यांना?" हेल्यू ओरडली.

"गोठलेला बटाटा गुळचट लागतो, लीसीला आवडत नाही."

"आणि मला थंडी आवडते होय रे? सरक, मी पण येते." असं म्हणून ती शेजारच्या, उजवीकडच्या आसनात जाऊन बसली; तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. नाही म्हणायला एंडेलला एकही बरं कारण सुचेना. त्याची पंचाईत झाली.

बंदरावर रस्त्याचा राखणदार काल्यो उभा होता, एंडेलचा शाळासोबती. लाल गाडी बघून त्याने डोक्यालाच हात लावला.

"अरे देवा! चप्पल घालून समुद्रावर?"

"का, तुझ्या रस्त्यावर बूटच चालतात वाटतं?"

"चालेल बाबा, वजनात बसते गाडी तुझी. पट्टे सोडा, दार नुसतं लोटा, बुडायची वेळ आली तर उडी मारता यायला हवी. आणि वेग," काल्योने बोट उगारलं, "पंचवीसच्या खाली नाहीतर चाळीसच्या वर. मधे रेंगाळलास तर खालच्या पाण्यात लाट उठते, गाडीबरोबर पळते आणि बर्फ फोडते. थांबायचं तर मुळीच नाही. पलीकडे रोहुक्यूलाला किनाऱ्याचा चढ आहे, तिथे तुझी ही शेपूटवाली अडकली तर ट्रॅक्टर ओढून काढेल, आणि ती गोष्ट मी तुझ्या मयताला सांगेन."

"ती लाट नेमकी किती लांब असते रे, काल्यो?"

"चल, निघ! तुझ्यामागे कोणी नाही, मला सूप प्यायला जायचंय."

एंडेलने दुसऱ्या गिअरमध्ये, पायाखाली अंडं असल्यासारखा हळू गॅस दिला. मागची चाकं एकदा फुरफुरली, खिळे रुतले आणि गाडी सरकली. मग पन्नास. दोन्ही बाजूंना बर्फात रोवलेल्या झाडाच्या फांद्या, त्याच रस्त्याची कड. वर पांढरं, खाली पांढरं, कुठे काय संपतं कळू नये. बटाटे आपलं काम चोख करत होते. एंडेल खूश झाला, लहान मुलासारखा खूश झाला. "बघ, ढकलतात मागची, पुढच्यांनी नुसती दिशा दाखवायची!"

आठ-दहा किलोमीटरांवर वाऱ्याने बर्फ झाडून काच केली होती. तिथे रस्ता किंचित उजवीकडे वळत होता. एंडेल वळला नाही. डावं चाक कडेच्या ढिगात घुसलं, शेपूट सर्रकन फिरली आणि पांढरं आभाळ काचेसमोर आडवं झालं. त्याने ब्रेकला पाय लावला नाही. शेपूट जिकडे पळाली तिकडेच स्टिअरिंग फिरवलं, गॅस थोडा सोडला, पुन्हा धरला. गाडी दोनदा डुलली आणि सरळ झाली. हेल्यूने दोन्ही हातांनी आसन धरलं होतं. ती त्याच्याकडे बघत होती.

"ती फांदी एवढी मोठी होती. तू वळलाच नाहीस."

"बर्फ गुळगुळीत होता."

"एंडेल, तू वळलाच नाहीस. तुला दिसली का फांदी?"

थांबता येत नव्हतं. उतरून जाता येत नव्हतं. या बाईपासून पळायला समुद्राच्या मध्यावर जागा नव्हती.

"नाही दिसली," तो म्हणाला. "डावीकडचं मला काहीच दिसत नाही."

"कधीपासून?"

"नोव्हेंबर."

"नोव्हेंबर!" आता मात्र हेल्यूचा बांध फुटला. "नाताळात लीसीच्या गाडीतून नातवंडांना घेऊन फिरलास तू! मेंढ्या कुठल्या कुशीवर झोपतात ते साऱ्या बेटाला विचारतोस, आणि घरात बायकोला एक वाक्य सांगवत नाही तुला? नालायक माणसा!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायलाही ती रस्त्यावरून नजर काढेना. "वेग कमी कर. पंचवीसच्या खाली आण. आत्ता."

त्याने आणला, मधल्या वेगातून झटकन. गाडी वीसवर रांगायला लागली. खाली कुठेतरी बर्फ कण्हला.

"थोडं उजवीकडे," हेल्यू म्हणाली. "बास. सरळ. आता डावीकडे फांदी आहे, दोन हातांवर. सरळच ठेव."

असा एक तास गेला. ती सांगायची, तो फिरवायचा. मधे मधे ती शिव्या घालायची आणि तोही कबूल करायचा. आश्चर्य म्हणजे त्याला हलकं वाटत होतं. तीन महिने एकट्याने वाहिलेलं ओझं कोणीतरी दुसऱ्या बाजूने उचललं होतं.

मग रोहुक्यूलाचा किनारा दिसला. म्हणजे हेल्यूला दिसला. चढ तुकतुकीत, चाकांच्या घासणीने निळा पडलेला. वर केशरी ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर कोपर टेकून मजा बघत होता.

"वीसवर नाही चढणार ती," एंडेल म्हणाला. "चाळीसच्या वर न्यायला हवी. तेवढ्या वेगात तू सांगेपर्यंत चूक होऊन गेलेली असेल. तुला नको असेल तर तो ट्रॅक्टर बोलावू. तू म्हणशील ते."

हेल्यूने चढाकडे बघितलं, डाव्या कडेकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग तिने डावा हात पुढे करून त्याच्या हाताशेजारी स्टिअरिंगवर ठेवला.

"दिशा मी धरते. तू ढकल."

तिसरा गिअर. तीस झरकन मागे पडले, पंचेचाळीस. पायथ्याशी मागची चाकं सुटली, गाडी तिरकी झाली. हेल्यूने शेपूट पळाली तिकडेच स्टिअरिंग फिरवलं, मगाशी तिने बघितलं होतं तसं, आणि एंडेलने पायाखालचं अंडं फुटू दिलं नाही. खिळे कुरकुरले. बटाटे धडधडले. आणि नाक एकदम खाली झालं, कारण चढ संपला होता. ट्रॅक्टरवाल्याने टोपी काढली.

पक्क्या रस्त्यावर एंडेलने गाडी कडेला घेतली. इंजिन आपलं गुरगुरत होतं.

"हाप्सालू नऊ किलोमीटर," हेल्यू म्हणाली. "तिथे माणसं रस्ता ओलांडतात. पोरं ओलांडतात."

"माहीत आहे."

तो उतरला. गाडीला हात लावत लावत पुढून फिरून आला आणि तिने रिकाम्या केलेल्या आसनात बसला. गाडी घेतल्यापासून तो त्या बाजूला कधी बसला नव्हता. हेल्यूने आसन पुढे ओढलं, आरसा खाली केला आणि एक शिवी हासडून गिअर टाकला. गाडी निघाली. त्याला समोरचा रस्ता दिसत होता, उजवीकडची झाडं दिसत होती. डावीकडे, जिथे आता ती होती, तिथे काहीच नव्हतं. तिला बघायचं तर पूर्ण मान वळवावी लागत होती. एंडेलने मान वळवली आणि हाप्सालू येईपर्यंत तशीच ठेवली.