पंपाशिवाय चढणारं पाणी

कामोठ्याच्या आमच्या सोसायटीचा पंप बंद पडला होता. मी सेक्रेटरी, त्यामुळे सकाळपासून सगळ्यांचं ऐकून घेत होतो. शेवटी मोबाइल बंद केला आणि शूरासारखा समोरच्या बागेत जाऊन लपलो.

बाकावर साठीच्या एक अनोळखी बाई शाळेतलं विज्ञानाचं पुस्तक वाचत होत्या. नातवाचं असावं. मधेच थांबून ओळीवर बोट ठेवायच्या, पिंपळाकडे बघायच्या आणि स्वतःशीच हसायच्या.

मग त्यांनी मलाच गाठलं. "भाऊ, हे झाड मुळातलं पाणी पार शेंड्यापर्यंत चढवतं. पंप नाय, लाइट नाय! तुमाला माहीत होतं?"

मी विज्ञानाचा पदवीधर. घसा साफ करून म्हणालो, "हो. बाष्पोत्सर्जन म्हणतात त्याला. पानांतून वाफ बाहेर पडते, ती खालचं पाणी वर ओढते."

बाई थक्क होतील असं मला वाटलं. त्या झाल्याही.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या, "आणि तरी असं तोंड पाडून बसलात?"

त्या उठल्या आणि पिंपळाच्या खोडाला तळहात लावून उभ्या राहिल्या. "या, तुमी पण लावा." गॅलरीतून कोणी मेंबर बघत नाही ना, याची खात्री करून मी हात लावला.

"काय लागतंय?"

"काहीच नाही."

"मला पण नाय," त्या आनंदानं म्हणाल्या. "किती गुपचूप चढतंय, बगा!"