दहावा मुलगा

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना दाजी म्हणायचं, तुम्हीही दाजीच म्हणा. नगरपालिकेच्या बालाश्रमात ते काथ्याचं काम शिकवायचे. कोर्टाने पाठवलेली पोरं, कुणी चोरी केलेली, कुणी डोकं फोडलेलं. गावात आश्रमाला 'चोरांची शाळा' म्हणत. म्हणेनात मेले! पोरं खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं बडवायची, काथ्या पिंजायची, सुंभ वळायची. संध्याकाळी दाजी एकेकाच्या हाताला खोबरेल लावायचे. मी रांधायची. मागच्या खोलीत आमचा संसार, मूलबाळ नाही. पगार दाजींना होता, मला काही नव्हतं, आणि हे मी त्यांना अधूनमधून ऐकवत असे.

दाजींकडे आणखी एक काम होतं. प्रत्येक मुलाचं वर्तणुकीचं पुस्तक तेच लिहायचे. मुदत संपत आली की समिती ते पुस्तक बघायची. शेरा चांगला असला तर मुलगा घरी, वाईट असला तर आणखी एक वर्ष मुक्काम. समिती मुलाशी बोलायची नाही. दाजींचं अक्षर सुंदर होतं, त्यावर साहेबांचा विश्वास.

अठ्ठावन्न साली पालिकेत नवे सभासद आले. गावच्या करातून चोरांना जेवण कशाला, असं त्यांचं म्हणणं. यांची स्वतःची पोरं म्हणजे काय देवघरातली! शेवटी ठराव झाला: दर फेब्रुवारीतल्या तपासणीला दहा मुलं हजर असली तर अनुदान चालू राहील, एक जरी कमी भरला तर आश्रम बंद आणि मुलांची रवानगी घाटावरच्या मोठ्या संस्थेत. तिथे वीस-वीस वर्षांचे दांडगे होते. आमच्यातला सगळ्यात लहान बाबली नऊ वर्षांचा, अजून अंथरूण ओलं करायचा.

आमची मुलं बरोब्बर दहा होती. आणि दहावा, महादू, डिसेंबरात सुटणार होता.

महादू फोंडाघाटचा. कोल्हापूरहून उतरणाऱ्या ट्रकमधून गुळाची ढेप पळवताना सापडलेला. बाप नव्हता. आई जानकी बाजारात गोणी उचलायची, दर दोन महिन्यांनी एसटीने यायची आणि दारातच बसायची, आत या म्हटलं तरी येत नसे. दोन वर्षांत महादूने उलट उत्तर दिलं नव्हतं. सुंभ बाजारात विकायला तोच जायचा आणि पैसे पैन् पै आणून द्यायचा.

ठरावाची बातमी आली त्या दिवशी दाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी महादूचं पुस्तक उघडून नुसते बसले होते.

"लिवा," मी म्हटलं.

"काय लिवू?"

"वायट लिवा. एक वर्साचो तर प्रश्न. नायतर ही नऊ पोरां घाटार जातली."

"खोटा लिवू, गो?"

"आणि आपण खंय जातलो?"

हे शेवटचं मी बोलले. नाही बोलले असं आज म्हणणार नाही. नऊ पोरांची काळजी खरी होती, पण आमच्या चुलीचीही होती, आणि त्यातली मोठी कुठली ते मी तेव्हाही तपासलं नाही. दाजींनी लिहिलं: 'आज्ञा मोडतो. वर्तणूक असमाधानकारक.' नेहमीसारखंच सुंदर अक्षर. मी उठून तांदूळ निवडायला बसले. काही वाटलं का विचाराल, तर नाही. हात चालत होते.

डिसेंबरात जानकी आली ती मुलाला न्यायला. हातात नवा सदरा, घडी न मोडलेला. दाजींनी तिला कचेरीतल्या भाषेत सांगितलं, "मुलाची वर्तणूक ठीक नाही. समितीने मुदत वाढवली आहे."

जानकीने महादूला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली.

"काय केलंस रे मेल्या? सांग, काय केलंस?"

महादूने एकदा दाजींकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझा चुकला, आये."

ती सदरा घेऊन परत गेली. पुढे वर्षभर आली नाही.

फेब्रुवारीत साहेब आले, दहा डोकी मोजली, चहा पिऊन गेले. अनुदान मंजूर झालं. जीव भांड्यात पडायला हवा होता, पण नाही पडला. दाजी काम करायचे, खोबरेल लावायचे, फक्त महादूचा हात आला की बाटली माझ्याकडे द्यायचे.

पुढच्या डिसेंबरात दाजींनी 'उत्तम' लिहिलं. महादू सुटला, पण न्यायला कुणी आलं नाही. तो वळकटी घेऊन दाजींपुढे उभा राहिला.

"दाजीनू, यंदा पोरां किती आसत? धा भरतत मां? नायतर मी हंयच रवतंय."

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! ठराव बाजारात सगळ्यांना माहीत होता, आणि बाजारात तर तोच जायचा.

"तेरा आसत," दाजी कसंबसं म्हणाले. मग त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल."

आम्ही तिघं एसटीने फोंडाघाटला गेलो. जानकी बाजारात ट्रकमागे उभी होती, डोक्यावर गोणपाट. मुलाला पाहून ती जागची हलली नाही. दाजी सुरू झाले, "आमच्याकडून एक नोंद चुकीची झाली, म्हणजे त्या वेळी संस्थेची परिस्थिती..." माझं डोकंच फिरलं.

"खोटा लिवलेला," मी म्हटलं. "पोरान कायएक केल्यान नाय. धा पोरां भरूची होती, नायतर आश्रम बंद पडतलो होतो. बारकी पोरां घाटार गेली असती. लिवूक मीच सांगलंय."

शिव्या देईल, दगड उचलेल, असं वाटलं होतं. तशी मनाची तयारी करूनच गेले होते. तिने डोक्यावरचं गोणपाट काढलं. मग दाजींना म्हणाली,

"मगे माका इचारूचा होतात. बारक्या पोरांसाठी म्हणून मीच तेका थंय सोडून इलंय असतंय."

आम्हाला ते सुचलंच नव्हतं.