ओच्यात उरलेला खडा

नाथाजी हवालदारासारखा सरळ माणूस शोधून सापडायचा नाही, असं वडूजकडच्या त्या गावात सगळेच म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी तो स्वतः म्हणे. फौजेतून पेन्शनीवर आलेला. बहात्तरच्या दुष्काळात गावची विहीर खोल करायचं काम निघालं, तेव्हा मुकादम म्हणून त्याचंच नाव पुढं आलं. कामावर त्याने सगळ्यांसाठी एकच माठ ठेवला. भावकीतला जोतीराम आणि सुरुंगवाला कुतुबुद्दीन एकाच तांब्याने पाणी पीत. बायामाणसांना कधी वेडंवाकडं बोलला नाही. न्याय म्हणजे आणखी काय असतो, असं त्याला मनापासून वाटे.

पुरुष तळात खडकाला भोकं पाडत. कुतुबुद्दीन त्यांत दारू ठासून वाती पेटवी आणि वर पळे. मग सगळे बांधाआड बसून बार मोजत. जितकी भोकं तितके बार. एखादा कमी उडाला तर तो खडकात तसाच दबून राहतो, आणि कुणाची पहार लागेपर्यंत वाट बघतो. हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

बार उडाल्यावर तळात पहिला उतरे तो ज्ञानू. त्याची बायको राहीबाई वर पाट्या उचलायला असे. तिने आपली स्वतःची रीत काढली होती. जितकी भोकं तितके खडे लुगड्याच्या ओच्यात घ्यायचे, आणि बार उडाला की एक टाकायचा. ओचा रिकामा झाला की ती मोकळा श्वास घेई. बाया तिला हसत.

एकदा जोतीराम म्हणाला, "हवालदार, मला योक बार कमी वाटतुया." हा जोतीराम बांधाला टेकला की घोरायला लागणारा गडी! तरी नाथाजीने दिवसभर काम थांबवलं, भोक न् भोक तपासायला लावलं. काही निघालं नाही. कुणी कुरकुरलंही नाही.

पुढच्याच गुरुवारी सात भोकं होती. धडाधड बार उडाले, समोरच्या टेकाडावरून आवाज परत आला आणि धूळ बसली. राहीबाईने ओच्यात हात घातला, तर एक खडा हाताला लागला.

ती धावत नाथाजीकडे आली. "आवं हवालदार, सहाच बार वाजलं. ह्यो बगा, खडा उरलाय."

"दोन बार जोडीनं उडालं असत्याल," नाथाजी हसून म्हणाला. आवाजात राग नव्हता, उलट मायाच होती. "जा बाई, जरा बाजूला व्हय. माणसं उतरू देत."

"आवं, पर माजं धनी खाली..."

तोवर तो जोतीरामशी पहारींचं बोलू लागला होता. ज्ञानू पायऱ्या उतरला. राहीबाई खडा मुठीत धरून काठावर उभी राहिली. वर सगळं नेहमीसारखं चाललं होतं, कुणीतरी तंबाखू मळत होतं. खालून पहारीचे ठोके येत होते. ती तेच मोजत राहिली. अकरावा ठोका पडला नाही, सातवा बार उडाला.

तिसऱ्या दिवशी फौजदार आले, लिंबाखाली टेबल मांडलं. त्यांनी विचारलं, "बार राहिल्याचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"न्हाई साहेब," नाथाजी म्हणाला. "कुनीबी न्हाई."

तो खोटं बोलत नव्हता. वाईट होतं ते हेच. त्याने आठवून पाहिलं होतं, जोतीराम काही बोलला नव्हता, कुतुबुद्दीन काही बोलला नव्हता. म्हणजे कुणीच बोललं नव्हतं.

बायांच्या घोळक्यातून राहीबाई पुढं आली. कपाळ मोकळं. तिने तो खडा टेबलावर ठेवला. "म्या सांगितलं व्हतं."

फौजदारांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, तुमचं दुःख मोठं आहे. जरा बाजूला व्हा. जोतीराम कोण? त्याला बोलवा."

नाथाजीने मान वर केली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. तीच माया, तेच शब्द. गुरुवारी ते त्याच्याच तोंडून निघाले होते. आता कुठं त्याला तिचं बोलणं ऐकू आलं, शब्द न् शब्द.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "माजं लिवल्यालं खोडा. तिनं सांगितलं व्हतं. म्या ऐकलं न्हाई."

राहीबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती विहिरीकडे बघत होती.