हळदीचा पाय, कुंकवाचा पाय

आमच्या घरात डावं-उजवं फक्त म्हशीला कळतं. (चुकीच्या बाजूनं धारेला बसलं तर लाथ मारते.)

नात गौरी तिसरीत. हुशार, पण बूट उलटे, बटणं एक घर सोडून आणि झेलायचा चेंडू नाकावर. सांगलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातापायांचा मेळ बसायला तिला जरा जास्त सराव लागतो, एवढंच. रागावू नका, हळूहळू शिकवा."

मी तिथंच बोलून बसले, "आमच्या घराण्यात असलं कुणाला न्हाई बाई. आईकडनं आलं असंल."

आई म्हणजे माझी सून. ती शेजारीच बसली होती. आमचं पलूस येईपर्यंत एसटीत एक शब्द बोलली नाही.

गौरीला गॅदरिंगमध्ये लेझीम खेळायची होती. सर म्हणाले, "शनिवारपर्यंत पावलं बसली तर ओळीत घेतो. नाहीतर वर्गाची पाटी धरून उभी राहील." त्या दिवशी पोरगी जेवलीच नाही.

आमचे हे फौजेतले हवालदार. अंगणात सुरू झाले, "लेफ्ट-राइट, लेफ्ट-राइट!" गौरी तुळशीवर जाऊन आदळली.

"आवं, नात हाय ती, पलटण न्हाई. सरका बाजूला."

मी हळदी-कुंकवाचा करंडा आणला. तिच्या समोर उभी राहिले. माझ्या उजव्या पायाला हळद लावली, डाव्याला कुंकू. मग माझ्या हळदीच्या समोर तिचा जो पाय आला, त्याला हळद, दुसऱ्याला कुंकू. लेझमीची पावलं टाकत म्हणाले, "माझ्याकडं बघ न् म्हण, हळद, कुंकू, हळद, कुंकू." चार दिवसांत पोरगी अशी खेळायला लागली की म्हैस रवंथ विसरली!

शनिवारी शाळेतून बोलावणं आलं.

"आज्जी," सर म्हणाले, "एक पाऊल चुकत नाही. फक्त सगळं उलटं आहे. ओळ उजवीकडं जाते, ही डावीकडं. तिघींना लेझीम लागली."

हे मागनं हळूच म्हणाले, "समोर उभं राहून शिकवल्यावर उलटंच हुणार की."

"मग तवा तोंड शिवलं हुतं व्हय?"

"तूच म्हणलीस, सरका बाजूला."

गौरीचे डोळे भरले. सर तिला ओळीसमोर घेऊन गेले. "ओळीकडं तोंड करून उभी राहा बघू." ती राहिली. हलगी वाजली आणि ओळ न् गौरी आरशासारखी जुळली! पोरींना समोरून पावलं दाखवायला सरांना कुणीतरी हवंच होतं.

गॅदरिंगला आम्हाला गौरीची नुसती पाठ दिसली. पण काय पाठ होती! मी पुढच्या-मागच्या सगळ्यांना सांगितलं, "मी शिकवलं."

त्याच तोऱ्यात मंडपाबाहेर आले, चपला घातल्या आणि चार पावलांवर ठेचकाळले. सुनेनं माझा दंड धरला, खाली बघितलं आणि सांगलीपासून मिटलेलं तोंड उघडलं.

"आत्याबाई, चपला उलट्या घातल्यात. आता सांगा, कुणाकडनं आलंय?"

गौरीला आता करंडा लागत नाही. तो उंबऱ्याजवळ ठेवलाय, माझ्यासाठी.