ठणक्याला इंग्रजीत काय म्हणतात?

"आय कमिझरेट विथ युवर एक्स्क्रूशिएटिंग अफ्लिक्शन," शीतल मला म्हणाली आणि शाबासकीची वाट बघत थांबली.

मी त्या वेळी पेशंट होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आजी. शीतल नर्स. ती खरोखरच नर्स आहे, मूळची दर्यापूरची, नोकरी अमरावतीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये. मी इथल्या एका इंग्रजीच्या क्लासमध्ये ट्रेनर. परदेशी जाणाऱ्या नर्सना इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. त्यात रोल-प्ले असतो, म्हणजे समोरचा माणूस पेशंट होतो आणि नर्सनं त्याच्याशी बोलायचं. शीतल त्यात एकदा नापास झाली होती. तिला नोकरी देऊ केलेल्या तिकडच्या हॉस्पिटलनं कळवलं होतं, अजून एकदाच थांबू. नाहीतर जागा दुसरीला.

"अगं, ती म्हातारी घाबरून पलंगावरून उतरेल," मी म्हणाले. "आपल्या असह्य क्लेशांबद्दल मी अनुकंपा व्यक्त करते, असं वॉर्डात कोणाला म्हणतेस का तू?"

"कावून रागावता मॅडम? मोठ्या सरायनं सांगतलं, सोपे शब्द वापरले तं मार्क कटते."

मोठे सर म्हणजे आमचे संचालक. भिंतीवर त्यांचा 'अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी'चा तक्ता आहे. सगळी बॅच तो रोज पाढ्यांसारखा म्हणते. हॅपी म्हणायचं नाही, इक्स्टॅटिक म्हणायचं. पेन म्हणायचं नाही, अफ्लिक्शन म्हणायचं. माझं डोकं तापलं. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, ही परीक्षा पेशंटला समजतं की नाही ते बघते. तुमच्या तक्त्यानं पोरगी पुन्हा नापास होईल."

सर हसले. "मॅडम, लोक आपल्याकडं येतेत कावून? येते तेच शब्द शिकवले तं कोण येईन?"

"पण सर, परीक्षा..."

"जाहिरातीत अॅडव्हान्स्ड लिहिलं आहे नं? मंग अॅडव्हान्स्डच शिकवा."

पालथ्या घड्यावर पाणी. मी परत आले. शीतल खाली मान घालून बसली होती.

"हे बघ," मी म्हणाले, "मी वॉर्डातली आजी. दर्यापूरकडचीच. मला आपल्या भाषेत विचार."

तिचा आवाजच बदलला. "काय होते माय? ठणकते का? का आग होऊन राहिली? चमक तं नाही मारत? सांग मले, मी हाओ इथंच."

"झकास. आता हेच इंग्रजीत."

शीतलनं भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. "मॅडम, ठणकते म्हणजे... एक्स्क्रूशिएटिंग?"

मी कपाळाला हात लावला. असह्य येत होतं पोरीला, पण ठणकणं येत नव्हतं. पेशंट तर ठणकतं म्हणूनच ओरडतो. एकाच दुखण्याचे हे बारीक फरक सांगणारे शब्द, माझ्या मते खरी अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी तीच. ते शब्द तक्त्यावर नव्हते, कारण ते अवघड दिसत नाहीत.

मग आम्ही तक्त्याकडे पाठ करून बसलो. ठणकतं, थ्रॉबिंग. आग होते, बर्निंग. चमक मारते, शूटिंग पेन. सांधा अवघडला, स्टिफ. प्रत्येक शब्दाला मी तिच्या वॉर्डातला एक पेशंट आठवायला लावला. कोणाला काय होत होतं, हे तिला तोंडपाठ होतं. मधूनच मोठे सर डोकावायचे आणि "अफ्लिक्शन घेतला का?" म्हणून विचारायचे. मला तक्ता उपटून त्यांच्या हातात द्यावासा वाटायचा.

परीक्षा देऊन आल्यावर शीतलचा फोन आला. "मॅडम, तो माणूस पाय दुखते म्हणे. मी विचारलं, इज इट थ्रॉबिंग ऑर बर्निंग? तो तं सगळं सांगत सुटला."

शीतल पास झाली. जागा तिची झाली. मी क्लासमध्येच रडले, लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लाससमोरच्या चौकात मोठ्या सरांचा फ्लेक्स लागला. तो आमच्याकडे वाढदिवसालाही चुकत नाही. शीतलचा फोटो, वर 'आमच्या अॅडव्हान्स्ड व्होकॅब्युलरीचा चमत्कार', खाली भल्या मोठ्या अक्षरांत 'पर्स्पिकेशस शीतल!'

पेढे द्यायला तिचे वडील दर्यापूरहून आले होते. फ्लेक्सखाली उभे राहून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, माह्या पोरीच्या नावापाशी हे काय लिहिलं?"

मी शीतलकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

"हुशार, असा अर्थ आहे," मी सांगितलं.

"मंग हुशारच लिहाले काय झालं होतं?"

मी सरांच्या केबिनकडे बोट दाखवलं. ही नोकरी धरल्यापासून मी तिथं हेच विचारते आहे. त्या फ्लेक्सच्या जोरावर सरांची पुढची बॅच फुल झाली.